पाण्याला बसणारे दाजी

दाजी माझे. म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे नवरे, तेव्हा त्यांना दाजी म्हणायचा हक्क माझा एकट्याचा. पण मी कारखान्यात कामाला लागलो, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर त्यांना 'दाजी' अशी हाक मारली, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. सुतार त्यांना दाजी म्हणू लागले, रंगारी म्हणू लागला, दारावरचा पहारेकरी म्हणू लागला, आणि वर्ष संपायच्या आत खुद्द मालकही म्हणू लागले, जे वयाने त्यांचे सासरे शोभले असते. माझ्या बहिणीला एवढे भाऊ कुठून आले, असं मी विचारायचो. कुणी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून मी त्या कारखान्यावर रागावलोय, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या कारखान्यात मोटारी बनत नसत, हे आधी सांगतो, कारण आताच्या लोकांना ते पटत नाही. त्या काळी मोटार म्हणजे दोन वस्तू असायच्या. खालची वस्तू, म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा, ती दूरच्या मोठ्या कारखान्यातून उघडीबोडकी यायची. वरची, म्हणजे माणसांनी बसायची, ती गिऱ्हाईक आमच्यासारख्यांकडून आपल्या हौसेप्रमाणे बांधून घ्यायचं. सुतार लाकडाची चौकट उभी करायचे, मी तिच्यावर पत्रा ठोकून बसवायचो, रंगारी रंग चढवायचा आणि सगळ्यांच्या शेवटी दाजी टप शिवायचे. टप म्हणजे घडीचं छप्पर. ऊनपाऊस असला की पुढे ओढायचं, नसला की मागे पाडायचं.

शेवटी असल्याचा एक तोटा असतो. सुतारांनी लावलेला उशीर, मी लावलेला उशीर, रंग वाळायला लागलेला उशीर, सगळे उशीर येऊन दाजींच्या अंगावर पडायचे. गाडी न्यायला गिऱ्हाईक दारात उभं आणि दाजी कापडाच्या ढिगात दाभण घेऊन बसलेले, हेच मी वर्षानुवर्षं बघितलं. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. ओरडायला मान वर करावी लागते, आणि त्यांची मान शिवणीतून वर यायची नाही. पुढे पुढे ती तशीच राहिली. रस्त्याने चालायला लागले की काहीतरी सांडलंय आणि ते शोधतायत असं वाटायचं.

आमच्या कारखान्याची एक पद्धत होती. टप शिवून झाला की तो पुढे ओढायचा, कडा आवळून बांधायच्या, आणि ज्याने शिवला त्याने आत जाऊन बसायचं. मग दोघं जण दोन बाजूंना स्टुलांवर चढायचे आणि झाऱ्यांनी वरून पाणी ओतायचे. याला आम्ही 'पाण्याला बसणं' म्हणायचो. पहिली झारी दोऱ्याची, दुसरी गाडीची, असं दाजी म्हणायचे. सुईच्या भोकातून पहिल्यांदा थोडं पाणी येणारच. मग दोरा ते पाणी पितो, फुगतो आणि भोक बुजवतो. म्हणून पहिल्या झारीचं पाणी माफ. दुसऱ्या झारीला एक थेंब जरी आत आला, तरी दाजी आतून म्हणायचे, "ओलं." नाही आला तर, "कोरडं." एवढा एकच शब्द. तो 'कोरडं' ऐकल्याशिवाय आमच्या दारातून गाडी बाहेर पडत नसे, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

एकदा गावातल्या बड्या डॉक्टरांची गाडी होती. डॉक्टर स्वतः न्यायला आलेले, घड्याळ हातात. दुसरी झारी संपली आणि आतून आवाज आला, "ओलं." मालकांनी कपाळाला हात लावला. मी कड सोडवून आत डोकं घातलं. शिवण चोख, कुठे काही दिसेना.

"दाजी, घाम असेल तुमचा," मी हळूच म्हटलं. "कपाळावरून पडला असेल."

"घाम नाही."

"कशावरून?"

"घाम खारट लागतो. मी चाखून बघितलं."

आणि त्यांनी मागची अख्खी शिवण उसवली. डॉक्टर चालत घरी गेले. उसवलेल्या दोऱ्यात एक गाठ निघाली, ती तिथे असायला नको होती. दाजींनी ती मला दाखवलीही नाही, मीच पाहिली. अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. आपली कामं वेळेत उरकून आपण घरी जायला मोकळे, आणि हे गृहस्थ एका थेंबासाठी सगळ्यांना अडकवून ठेवणार.

दाजी कारखान्यात आले तेव्हा तिथे बग्ग्या बनत. पहिली मोटार आली तीही बग्गीच होती, फक्त पुढचा घोडा सोडलेला. हाकणाऱ्याच्या हातात चाक नव्हतं, नुसता दांडा होता, आणि डोक्यावर काही नव्हतं. सुतार तिच्याभोवती फिरून म्हणाले, हिचा घोडा हरवलाय. तेच तिचं नाव पडलं. मग आली ती 'मागून चढायची'. तिला बाजूला दारच नव्हतं. मागच्या बाकाच्या मधोमध एक छोटं दार, रस्त्यातल्या चिखलात उभं राहून तिथून आत शिरायचं, आणि शेवटच्या माणसाने त्या दारालाच जोडलेल्या गादीवर बसायचं. वळणावर तो माणूस दारासकट बाहेर जातो, असं रंगारी शपथेवर सांगायचा. त्याने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण सांगायचा छान.

मग चाकांमधलं अंतर वाढलं, दारं बाजूला आली, गाडी लांब झाली, सखल झाली. तिला आम्ही होडी म्हणायचो. पुढे दोघं, मागे तिघं, सगळे उघड्यावर, आणि सगळ्यांवर मिळून एक लांबलचक टप. होडीचे दिवस ते दाजींचे दिवस. एवढा मोठा टप पाच-सहा कमानींवर ताणायचा, मागे पाडला की अंथरुणाच्या घडीसारखा बसला पाहिजे आणि ओढला की कुठेही सुरकुती नको. एका वेळी तीन-तीन होड्या वाट बघत उभ्या असायच्या. दाजी सकाळी येऊन कापडात शिरायचे ते दिवेलागणीला बाहेर यायचे. त्यांच्या अंगाला मेणाचा आणि रबराचा वास यायचा. ताई म्हणायची, मी माणसाशी लग्न केलंय की ताडपत्रीशी तेच कळत नाही.

मधेच सासूची गाडी येऊन गेली. तिच्यात मागे काचेची बंद खोली आणि पुढे ड्रायव्हर उघड्यावर. गाडीचा धनी आत गाद्यांवर, ड्रायव्हर पावसात. सासू आत आणि सून बाहेर, म्हणून ते नाव. ताईला ते नाव आवडायचं नाही, कारण ताईला सासू होती. दाजींना त्या ड्रायव्हरचा फार कळवळा. उरलेल्या कापडातून ते त्याच्यापुरता एक आखूड टप शिवून द्यायचे, कुणाला न सांगता. आमच्या मालकांना ते दिसायचं, पण ते दुसरीकडे बघायचे. मालक तसे वाईट नव्हते. फक्त प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची त्यांना खोड होती, आणि ती खोड आम्हाला कशी भोवली ते पुढे येईलच.

मग आलं कपाट. चारी बाजूंनी बंद, काचा वरखाली होणाऱ्या, डोक्यावर कायमचं छप्पर. आधी लोक हसले. असल्या पेटीत बसलं तर जीव घुसमटेल म्हणाले. मग एका हिवाळ्यात त्यांनी आत बसून बघितलं, आणि त्यानंतर होडीत बसायला कुणी तयार होईना. ज्यांना ऐन वाऱ्यात टोपी धरून बसण्यात मर्दुमकी वाटायची तेच आता काच जरा आणखी वर घ्या म्हणू लागले. होड्या कमी होत गेल्या. मला वाटलं, संपले दाजी.

पण संपले नाहीत, आणि ते माझ्यामुळे. कपाटाचं छप्पर चारी बाजूंना गोल वळतं. एवढ्या मोठ्या गोलाईचा एकसंध पत्रा हातोडीने काढणं माझ्या बापालाही जमलं नसतं, आणि तेवढा मोठा साचा तेव्हा कुणाकडेच नव्हता. म्हणून मी छपराच्या चारी कडा पत्र्याच्या करायचो आणि मधे भलं मोठं चौकोनी भोक सोडायचो, आत उभं राहिलं तर माणूस कमरेपर्यंत बाहेर येईल एवढं. त्या भोकावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर कापूस आणि कापसावर दाजींचं कापड. वरून रंग दिला की लांबून सगळा पत्राच वाटायचा. म्हणजे बघा, आधी अख्खी गाडी झाकणारा माणूस आता तिच्या टाळूवर ठिगळ लावत होता. तरी काम होतं, पाण्याला बसणं होतं, 'कोरडं' होतं.

आता पाणी यायचं ते पत्रा आणि कापड जिथे मिळतात तिथून. ते कापडाच्या बाजूने आलं की पत्र्याच्या, यावरून आम्हा दोघांचे जे वाद झाले ते कारखान्यात सुरू व्हायचे आणि ताईच्या घरी ताटावर संपायचे. एकदा ताई वाढता वाढता म्हणाली, "गळतंय ते तुम्हा दोघांच्या मधून, एवढं मला कळलं. आता जेवा."

ताईला गळण्यातलं कळत होतं. त्यांच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि छप्पर घरमालकाच्या आजोबांच्या वेळचं. झोपायच्या खोलीत पलंगाच्या बरोबर वर एक तपकिरी डाग होता, तो दरवर्षी थोडा पसरायचा. पाऊस लागला की ताई पातेलं, बादली, परात असं सगळं मांडायची. आणि दाजी जागे राहायचे. पाऊस आहे तोवर त्यांचा डोळा लागत नसे, मग तो रात्रभर असो की चार दिवस. उशीला टेकून वर बघत बसायचे.

"अहो, झोपा," ताई म्हणायची. "भांडी मांडलीयेत मी."

"बघतोय कुठून येतंय ते."

"कळलं तर काय करणार? छप्पर उसवणार?"

ती हे मला सांगायची तेव्हा हसायची, पण तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं असायचं. शेजारी माणूस जागा असला की आपल्यालाही झोप येत नाही. शिवाय रात्रभर पाण्याची वाट बघणारा माणूस सकाळी पुन्हा कारखान्यात जाऊन पाण्यालाच बसायचा, तेव्हा त्याचे गुडघे, त्याची मान, त्याचा खोकला हे सगळं तिच्याकडे यायचं. दाजी थकले होते. नुसते वयाने नाही. वर्षानुवर्षं एक थेंब पडायची वाट बघून माणूस थकतो तसे थकले होते. मला ते दिसत होतं. मी काही बोललो नाही, कारण मीही थकलो होतो, आणि थकलेल्याने थकलेल्याला काय सांगायचं.

मग ती गाडी आली.

सांगाडे पाठवणाऱ्या कंपनीने मालकांकडे नमुन्याला पाठवलेली. खालची वस्तू आणि वरची वस्तू एकच. लाकूड कुठे नाही, कापड कुठे नाही, आणि छप्पर पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एका तुकड्याचं. कुठल्या तरी अजस्र यंत्राने पत्रा एका दाबात वळवलेला. सुतार तिच्याभोवती फिरले, पण या वेळी कुणी नाव ठेवलं नाही. मी छपरावरून हात फिरवला. हातोडीची खूण नाही, सांधा नाही, काही नाही. आतापर्यंत मी दाजींची काळजी करत होतो. आता कळलं की यात मीही गेलो, सुतारही गेले, सगळेच गेलो.

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "कंपनी म्हणते, यापुढे बांधायचं काही नको, तयार गाड्या आणून विका," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर समोरच्या गल्लीतला कारखानावाला घेईल. मला कळत नाही. पत्र्याच्या छपरावर माझा विश्वास नाही. हे पत्रे पुढेमागे कुठे ना कुठे उघडतात." मग त्यांनी नेहमीप्रमाणे इकडेतिकडे बघितलं आणि निर्णय ठेवायला एक डोकं शोधलं. "उद्या दाजींना बसवू पाण्याला. दाजी कोरडं म्हणाले तर घेतो. ओलं म्हणाले तर परत पाठवतो आणि आपण आपलं काम करत राहू. दाजींचा शब्द."

सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. दाजी जमिनीकडे बघत होते, पण ते नेहमीच बघायचे.

संध्याकाळी मी ताईच्या घरी गेलो. सुतारांनी मला पुढे घातलं होतं, तुझे खरे दाजी आहेत म्हणून. वा, आता आठवलं खरे कुणाचे ते! दाजी खाटेवर पाय सोडून गुडघ्यांना तेल चोळत होते. ताई स्वयंपाकाच्या खोलीत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे ऐकत होती.

"दाजी," मी म्हटलं, "उद्या एकच शब्द म्हणायचाय."

"तेच तर काम आहे."

"तसं नाही. काहीही झालं तरी ओलं म्हणायचं."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "आणि कोरडं असलं तर?"

"कोण येणार आहे चाखायला?"

"मी आहे ना."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला तुमच्या जिभेची पडलीय, इथे सगळ्यांच्या पोटावर पाय येतोय. तो म्हातारा सुतार कुठे जाईल? रंगारी कुठे जाईल? मी कुठे जाऊ या वयात? तुम्ही कुठे जाल? आयुष्यभर खरं बोललात, कुणी नाही म्हणत नाही. त्यातला एक शब्द आम्हाला द्या. मी आणखीही बरंच बोललो. दाजी ऐकत राहिले. त्यांच्याशी भांडायची हीच पंचाईत होती, समोरून काही यायचं नाही, आपणच बोलून बोलून दमायचो.

शेवटी ते म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणतो ओलं." त्यांनी पुन्हा वाटी घेतली. "तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी एकट्याने कोरडं म्हणून काय मिळवायचं? म्हणतो."

ताई दारात येऊन उभी होती. मला जेवून जा म्हणाली, मी थांबलो नाही. जिना उतरताना मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. एका सरळ माणसाला वाकवायला गेलो आणि तो इतक्या पटकन वाकला, याचंच वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कामं बंद. गाडी मधे उभी, स्टुलं लावलेली, झाऱ्या भरून रांगेत. मालक म्हणाले, ही आपली गाडी नाही, हिला दोन झाऱ्या पुरणार नाहीत, रबराचा पाइप आणा. दाजी आत शिरले. मागच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. काचा वर. सुतारांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी त्यांच्याकडे. पाणी सुरू झालं.

पत्र्यावर पाणी पडतं तेव्हा कापडासारखं टपटपत नाही, एकसारखं सरसरत राहतं. काचांवरून पाण्याचे पडदे उतरत होते, आत फक्त एक काळपट आकृती दिसत होती. आम्ही वाट बघत उभे. पहिली झारी झाली, दुसरी झाली, पाइप लावला तो चालूच. एरवी या वेळेपर्यंत आतून शब्द आलेला असायचा. मी मनात म्हटलं, दाजी, बोला. ठरलंय आपलं. खोटं बोलायला एवढा वेळ कशाला लागतो? रंगारी माझ्या कानाशी पुटपुटला, "धीर होत नसेल." म्हातारा सुतार खाली बसला. मालकांनी हात वर केला, पाणी बंद झालं, तरी आतून काही नाही.

"दाजी?" मालकांनी हाक मारली.

माझ्या मनात भलतंच आलं. या वयात, बंद गाडीत, काचा लावून. मी पुढे झालो, पण मालक दाराशी होते, त्यांनीच दार उघडलं.

दाजी झोपले होते.

डोकं मागे टेकलेलं. इतकी वर्षं खाली राहिलेली ती मान मागे टेकलेली होती. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं सैल. हलका घोरण्याचा आवाज. सीटवर, गालिच्यावर, त्यांच्या अंगावर कुठे पाण्याचा टिपूस नाही. शिवणच नव्हती, मग ते बघणार तरी कुठे? वर बघितलं असेल, बघण्यासारखं काही सापडलं नसेल, आणि पडला असेल डोळा मिटून.

मालक बराच वेळ दार धरून उभे राहिले. मग अगदी हळू, त्यांना जाग येऊ नये अशा आवाजात, ते स्वतःशीच म्हणाले, "कोरडं." कारखान्यात तो शब्द दाजींखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मला इतका राग आला की मी पुढे वाकलो आणि त्यांचा खांदा धरून हलवला. ते दचकून जागे झाले. समोर आम्ही सगळे, दार उघडं. त्यांना काय आठवलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाले, "ओलं. ओलं आहे. मागून येतंय." आणि सीटच्या कोपऱ्यात हात लावून दाखवायला लागले. कोपरा ठणठणीत कोरडा होता.

म्हाताऱ्या सुताराने तोंड फिरवलं. मालक म्हणाले, "हो दाजी. असेल. उतरा आता." आणि त्यांनी हात धरून त्यांना उतरवलं.

पुढचं सांगायला फारसं नाही. मालकांनी तयार गाड्या घेतल्या. लाकडाच्या चौकटी होत्या त्या सरपणाला गेल्या. म्हातारा सुतार मुलाकडे गेला आणि वर्षभरात वारला. मी धडक बसलेल्या गाड्यांचे पोचे काढायला लागलो, अजून तेच करतो. पूर्वी मी पत्र्याला आकार द्यायचो, आता लोकांनी दिलेला आकार पुसतो. दाजींना मालकांनी सीटचे गिलाफ शिवायला ठेवलं. ते काम कुणालाही जमतं. त्याला पाण्याला बसावं लागत नाही. काही वर्षं त्यांनी ते केलं, मग दाभणात दोरा ओवता येईना तेव्हा घरी बसले, आणि एका उन्हाळ्यात गेले. त्यांना मी दोष दिला नाही असं म्हणणार नाही. दिला. बरीच वर्षं दिला. शब्द दिला होता त्यांनी, आणि ऐनवेळी झोपले, असं मी भेटेल त्याला सांगायचो.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मालकांनी सगळ्यांना दुपारीच सुट्टी दिली होती. दाजी सावकाश मागून येत होते, मी तरातरा पुढे निघालो आणि आधी ताईकडे पोहोचलो. ती दारातच होती. मला बघून काय झालं असेल ते तिने ओळखलं असावं. मी चपला न काढताच सुरू झालो. आमच्या सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हटलं, आणि तेही पाइपने. तुझ्या नवऱ्याने कबूल केलं होतं, तू ऐकलंस. एक शब्द म्हणायचा होता. आणि आत जाऊन काय केलं माहितीये? झोपले. वरून धो धो पाणी पडतंय, सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय, आणि हे आत घोरतायत.

ताईने माझ्याकडे बघितलं.

"झोपले?" ती म्हणाली. "पाणी पडत असताना?"

"हो. चांगले गाढ. मालकांनी दार उघडलं तरी कळलं नाही. मी जाऊन हलवलं तेव्हा कुठे उठले."

तिचे डोळे भरून आले. आपल्या दोन खोल्यांचं पुढे काय होणार हे तिने विचारलं नाही, माझं काय होणार हेही नाही. ती वर, तपकिरी डाग होता त्या दिशेला बघत होती.

"मग उठवलंस कशाला त्यांना?" ती म्हणाली.